ऑफशोअर लीक्स डेटाबेस: आफ्रिकेतल्या शोधपत्रकारितेसाठी कितपत कामाचा?

आफ्रिकेतली एखादी खाण, तेलक्षेत्र किंवा मोबाइल परवाना खरा कोणाच्या मालकीचा आहे हे शोधायला बसलं, की दोन-तीन पायऱ्यांतच माग देशाबाहेर जातो. किन्शासातली कंपनी सापडते, तिचे शेअर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या दुसऱ्या कंपनीकडे असतात आणि तिथे वाट खुंटते, कारण तिथल्या नोंदणी कार्यालयात भागधारकांची नावं सहजासहजी मिळत नाहीत. नेमक्या या ठिकाणी ज्या साधनाकडे बहुतेक पत्रकार वळतात ते म्हणजे शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयसीआयजेचा, ऑफशोअर लीक्स डेटाबेस. तो फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतो. २०१३ पासून तो लोकांसाठी खुला आहे आणि आज त्यात ८ लाखांहून जास्त ऑफशोअर (म्हणजे मालकाच्या देशाबाहेर, बहुधा कर कमी आणि गुप्तता जास्त अशा ठिकाणी नोंदलेल्या) कंपन्या, ट्रस्ट आणि फाउंडेशनच्या नोंदी आहेत.

आधी निवाडा सांगतो. सुरुवात करायला याच्याइतकं चांगलं साधन फुकटात दुसरं नाही. पण यात सापडलेल्या नोंदीवर थेट बातमी उभी केली तर ती कोसळते, आणि बऱ्याचदा कोर्टात कोसळते. याचं कारण डेटाबेसमध्ये काय आहे आणि काय नाही यात आहे, म्हणून ते नीट पाहू.

इथे पाच मोठ्या फुटींमधला (लीक, म्हणजे बाहेर आलेल्या गुप्त कागदांच्या गठ्ठ्यांमधला) डेटा एकत्र केला आहे: २०१३ चे ऑफशोअर लीक्स, २०१६ चे पनामा पेपर्स आणि बहामाज लीक्स, २०१७ चे पॅराडाइज पेपर्स आणि २०२१ चे पँडोरा पेपर्स. मूळ कागद मात्र इथे नाहीत. पनामा पेपर्समध्ये मोसॅक फोन्सेका या, ऑफशोअर कंपन्या काढून देणाऱ्या पनामातल्या एका फर्मची १ कोटी १५ लाख कागदपत्रं होती. त्यातले ईमेल, पासपोर्टच्या प्रती, बँक खाती, व्यवहारांच्या रकमा यातलं काहीही या डेटाबेसमध्ये नाही. आहे तो फक्त नोंदवहीचा सांगाडा. कंपनीचं नाव, ती कुठे आणि कधी नोंदली, चालू की बंद, तिच्याशी कोणाची नावं जोडलेली, त्यांनी दिलेले पत्ते आणि कंपनी ज्याच्यामार्फत काढली तो मध्यस्थ, बस इतकंच. पँडोराच्या बाबतीत तर १४ सेवा पुरवठादारांचे कागद फुटले होते, पण इथे आलेत त्यातल्या काहींचेच. त्यामुळे एखादं नाव इथे मिळालं नाही, तर त्या माणसाकडे ऑफशोअर कंपनी नाही असा अर्थ कधीच काढायचा नाही.

ही मर्यादा आफ्रिकेच्या बाबतीत जास्त टोचते. अंगोलाच्या माजी राष्ट्राध्यक्षांची मुलगी इझाबेल दोस सांतोस हिच्या साम्राज्याचा हिशेब उघडा करणाऱ्या लुआंडा लीक्सची (जानेवारी २०२०) ७ लाखांवर कागदपत्रं या शोधपेटीत येत नाहीत. २०१९ चे मॉरिशस लीक्स येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतले गुप्ता लीक्स तर वेगळ्याच पत्रकारांच्या हाती आले होते: आमाभुंगाने आणि डेली मॅव्हरिकचा स्कॉर्पिओ विभाग. सहारनपूरच्या गुप्ता बंधूंचं प्रकरण, त्यात गुंतलेली बँक ऑफ बडोदाची जोहान्सबर्ग शाखा, सन सिटीतलं २०१३ चं लग्न, हे सगळं मराठी वाचकाने वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. म्हणून तो हमखास इथे 'गुप्ता' टाइप करतो. समोर येते ती जगभरातल्या गुप्तांची लांबलचक यादी, आणि तिचा त्या प्रकरणाशी काही संबंध नसतो.

वापर सोपा आहे. पान उघडलं की आधी एक सूचना येते: ऑफशोअर कंपन्यांचे कायदेशीर उपयोग असतात, नाव इथे आहे म्हणून कोणी गुन्हा केला असं समजू नये. ही सूचना मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. भारतातला माणूससुद्धा रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम रीतसर बाहेर पाठवू शकतो. पुढे शोधपेटी, आणि बाजूला देश, नोंदणीचं ठिकाण आणि कोणत्या फुटीतला डेटा अशा तीन चाळण्या. निकाल गटांत विभागून येतात: एंटिटी म्हणजे कंपनी किंवा ट्रस्ट, ऑफिसर म्हणजे संचालक, भागधारक, लाभार्थी वगैरे, इंटरमीडियरी म्हणजे मध्यस्थ, आणि पत्ते. कोणत्याही नोंदीवर क्लिक केलं की ठिपके आणि रेषांचा आलेख उघडतो. त्यातला ठिपका उलगडला की त्याला जोडलेली पुढची नावं दिसतात.

देशाच्या चाळणीवर विसंबणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तो देश माणसाच्या राष्ट्रीयत्वाचा नसून कागदावर दिलेल्या पत्त्याचा असतो. लागोसच्या व्यापाऱ्याने लंडनचा पत्ता दिला असेल तर तो ब्रिटनखाली सापडेल. लिब्रव्हिलच्या मंत्र्याचा पत्ता पॅरिसचा किंवा जिनिव्हातल्या वकिलाचा असू शकतो. त्यामुळे चाळणी न लावता आधी नाव शोधायचं आणि गर्दी फार झाली तरच देश लावायचा. शिवाय काँगो दोन आहेत, किन्शासाचा आणि ब्राझाव्हिलचा, आणि जुन्या कागदांत झैरही येतं. आयव्हरी कोस्टचं फ्रेंच नाव आणि २०१८ मध्ये एस्वातिनी झालेलं स्वाझीलंड हेही लक्षात ठेवायला हवं.

नावं शोधणं ही खरी कसोटी. फ्रेंच चालणाऱ्या देशांत आडनाव आधी आणि कॅपिटल अक्षरांत लिहितात, इंग्रजी चालणाऱ्या देशांत शेवटी. एकाच माणसाची दोन कागदांत दोन रूपं होतात. फ्रेंच अक्षरांवरच्या खुणा कधी असतात, कधी गळतात. इथिओपियात आडनाव नसतं, दुसरं नाव वडिलांचं असतं, त्यामुळे भावंडं त्या नावाने जुळतात पण बाप आणि मुलगा जुळत नाहीत. सोमाली लिखाणात अब्दी हे नाव 'सी'ने सुरू होतं आणि मोहम्मदमध्ये 'एच'च्या जागी 'एक्स' येतो. पश्चिम आफ्रिकेत त्राओरे, दियालो, कुलिबाली, पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत दोस सांतोस, आणि पूर्व आफ्रिकेतल्या गुजराती कुटुंबांमुळे पटेल आणि शाह ही आडनावं एकट्याने शोधून काहीच हाती लागत नाही. अशा वेळी क्रम उलटा करायचा. देशातल्या कागदांतून, म्हणजे राजपत्र, खाण परवाना, निविदा यांतून, कंपनीचं नाव आधी मिळवायचं आणि ते इथे टाकायचं. कंपन्यांची नावं माणसांच्या नावांइतकी सरमिसळ होत नाहीत. इतकं करून माणूस शोधायचाच असेल, तर त्याचं मधलं नाव आणि आईकडचं आडनाव यांचा उपयोग सर्वात जास्त होतो.

जेनेट देझिरे काबिला क्युंगु हे नाव घ्या. काँगोचे माजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिला यांची ही जुळी बहीण. पनामा पेपर्समध्ये तिचं नाव केरात्सु होल्डिंग लिमिटेड या कंपनीशी जोडलेलं निघालं. ही कंपनी निउए इथे नोंदली होती. निउए म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधलं दोन हजारांच्या आतबाहेर लोकवस्तीचं बेट. तिथे ऑफशोअर कंपन्या नोंदवायचा एकाधिकार मोसॅक फोन्सेकाने करार करून मिळवला होता. अशा वेळी नोंदणीची तारीख आधी पाहायची. जानेवारी २००१ पर्यंत सत्तेवर वडील लोराँ काबिला होते. त्या महिन्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर जोसेफ आले. म्हणजे तारीख त्याआधीची असेल तर 'राष्ट्राध्यक्षांच्या बहिणीने कंपनी काढली' हे वाक्य चुकीचं ठरतं. तेव्हा ती राष्ट्राध्यक्षांची मुलगी होती. डेटाबेस इथे थांबतो. बातमीचा गाभा पुढे होता: केरात्सुकडे काँगोलीज वायरलेस नेटवर्क या कंपनीचे १९.६ टक्के शेअर होते, आणि त्या कंपनीकडे व्होडाकॉम काँगोचे ४९ टक्के. हे दोन आकडे नोंदवहीच्या सांगाड्यातून निघत नाहीत, ते दुसऱ्या कागदांतून आणून जोडावे लागतात. दोन्हींचा गुणाकार केला तर देशातल्या एका मोठ्या मोबाइल कंपनीतला साधारण ९.६ टक्के अप्रत्यक्ष वाटा येतो, आणि या आकड्याशिवाय निउएतली कंपनी ही नुसती कुतूहलाची गोष्ट राहते.

दुसरा धडा कॅप्रिकॅट आणि फॉक्सव्हेल्प या कंपन्यांचा. दोन्ही ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या. २०१० मध्ये काबिला सरकारने अल्बर्ट सरोवराकाठची दोन तेलक्षेत्रं त्यांना दिली. कॅप्रिकॅटच्या कागदांवर प्रतिनिधी म्हणून नाव होतं खुलुबुसे झुमा यांचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या पुतण्याचं. ठळक बातमी तिथेच झाली, आणि ती खोटी नव्हती. पण कंपन्यांमागे इस्रायली खाणसम्राट डॅन गर्टलर असल्याचं नंतर समोर आलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने गर्टलरवर निर्बंध घातले तेव्हा या दोन्ही कंपन्याही त्या यादीत होत्या. नोंदवही सही कोणाची आहे ते सांगते. पैसा कोणाचा हे ती सांगेलच असं नाही. डेटाबेसच्या ऑफिसर या रकान्यात संचालक, भागधारक, मुखत्यार आणि खरा लाभार्थी हे सगळे एकाच ठिपक्याने दाखवले जातात. नातं कोणतं आहे हे रेषेवर लिहिलेलं असतं. ती रेष न वाचता ठिपका वाचणाऱ्याच्या हातून मालक चुकतो.

तारखांबाबत आणखी दोन सापळे आहेत. फर्म कंपन्या आधीच नोंदवून तयार ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की विकतात. त्यामुळे नोंदणीची तारीख १९९८ ची आणि मालकाचा संबंध २००५ पासून, असं सर्रास असतं. भागधारकाच्या रेषेवर 'पासून-पर्यंत' तारीख दिलेली असेल तीच धरायची, नसेल तर बातमीत तारीख लिहायची नाही. आणि कंपनीच्या नोंदीत 'स्ट्रक ऑफ' दिसलं की काहीतरी कारवाई झाली असं वाटतं. बहुतेक वेळा वार्षिक फी भरली नाही एवढाच त्याचा अर्थ. मात्र ही तारीख कामाची असते: निवडणूक, सत्तांतर किंवा चौकशीची घोषणा यांच्या आसपास एकाच मध्यस्थाच्या चार-पाच कंपन्यांची फी थांबली असेल, तर तिथे खोदायला हवं. प्रत्येक फुटीचा डेटा एका ठरावीक वर्षापर्यंतचाच आहे हेही विसरू नये. ऑफशोअर लीक्स २०१० पर्यंत, पनामा पेपर्स २०१५ पर्यंत. त्यामुळे 'चालू' याचा अर्थ 'तेव्हा चालू'.

सगळ्यात दुर्लक्षित रकाना मध्यस्थाचा, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचाही तोच. नेता आपलं नाव लपवतो, पण तो दरवेळी नवा वकील शोधत नाही. एका कंपनीचा मध्यस्थ जिनिव्हातली एखादी छोटी फर्म निघाली, तर तिचा ठिपका उलगडून तिच्या सगळ्या कंपन्या पाहायच्या. त्याच मंत्र्याच्या मेहुण्याची किंवा ठेकेदाराची कंपनी तिथेच मिळण्याची शक्यता असते. मध्यस्थ जितका छोटा तितका दुवा घट्ट. याउलट, ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या टॉर्टोला बेटावरचा एखादा पत्ता किंवा फक्त नाव देणाऱ्या पगारी संचालकाचं नाव हजारो कंपन्यांवर असतं. दोन कंपन्यांचा पत्ता एकच आहे म्हणून त्यांचा मालक एक, हा निष्कर्ष इथे सपशेल चुकीचा.

एकेक नाव टाकत बसण्यापेक्षा यादी तपासायची असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला ओपनरिफाइनचा, म्हणजे याद्या साफ करायच्या आणि जुळवायच्या फुकट सॉफ्टवेअरचा. खासदारांची, खाण परवानाधारकांची किंवा सरकारी ठेकेदारांची यादी ओपनरिफाइनमध्ये घ्यायची, आयसीआयजेची जुळवणी सेवा जोडायची, आणि प्रत्येक नावासमोर संभाव्य नोंदी गुणांसकट येतात. गुण जास्त आहेत म्हणून आपोआप 'जुळलं' असं मान्य करणारी सोय बंदच ठेवावी. नावांचा जो घोळ वर सांगितला त्यामुळे प्रत्येक जोडी डोळ्यांखालून घालावीच लागते. दुसरा मार्ग सगळा डेटा उतरवून घेण्याचा. सीएसव्ही फायली (साध्या मजकुरातले तक्ते) मिळतात: कंपन्या, माणसं, मध्यस्थ, पत्ते, इतर, आणि त्यांच्यातली नाती. नात्यांच्या फायलीत ३० लाखांहून जास्त ओळी आहेत आणि एक्सेल १०,४८,५७६ ओळींवर थांबतं. उरलेला भाग गेलेला असतो, आणि एक इशारा बंद केला की हे लक्षातही राहत नाही. म्हणून फायली एसक्यूलाइट या फुकट डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये भराव्यात, भरताना यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत निवडावी, नाहीतर फ्रेंच आणि पोर्तुगीज नावांतल्या अक्षरांचा चुराडा होतो आणि शोध रिकामा येतो. क्रमांकांचे रकाने मजकूर म्हणून घ्यावेत. परवान्याची अट अशी की वापरताना आयसीआयजेचा उल्लेख करायचा आणि सुधारित डेटा त्याच अटींवर खुला ठेवायचा.

इथून निघालेला धागा पुढे कुठे न्यायचा, यावर या साधनाची किंमत ठरते. ब्रिटनचं कंपनीज हाउस, म्हणजे कंपन्यांची नोंदवही, २०१५ पासून फुकट आहे. तिथे संचालकाच्या जन्माचा महिना आणि वर्ष मिळतं, आणि नामसाधर्म्य फोडायला याच्याइतकं उपयोगी काही नाही. लंडनमधली घरं ऑफशोअर कंपन्यांच्या नावावर असतील तर ऑगस्ट २०२२ पासून सुरू झालेली परदेशी मालकांची नोंदवही पाहायची. नायजेरियाने मे २०२३ मध्ये नियंत्रण असलेल्या व्यक्तींची नोंदवही खुली केली. मॉरिशसच्या कंपनी नोंदणीत नाव, क्रमांक, तारीख आणि स्थिती ऑनलाइन दिसते, पण ज्यांच्यामार्फत आफ्रिकेतली आणि भारतातली गुंतवणूक जाते त्या ग्लोबल बिझनेस कंपन्यांच्या भागधारकांपर्यंत तिथून पोचता येत नाही. आफ्रिकी देशांची राजपत्रं गॅझेट्स डॉट आफ्रिकावर फुकट आहेत. केनियाच्या राजपत्रातल्या जमीन आणि कंपनी बंद करण्याच्या नोटिसा विशेष पाहण्यासारख्या. मूळ कागद आणि कोर्टाचे निकाल एकत्र शोधायला ओसीसीआरपी या शोधपत्रकारांच्या संस्थेचं अलेफ जास्त सोयीचं, मात्र तिथल्या काही संग्रहांना परवानगी लागते. स्वतःच्या हाती कागदांचा गठ्ठा आला असेल तर आयसीआयजेचंच डेटाशेअर घ्यावं. ते फुकट आहे, आपल्याच लॅपटॉपवर चालतं, आणि स्कॅन केलेल्या पानांतला मजकूरही वाचून शोधण्याजोगा करतं.

साधन तेच असलं तरी ते कोणाच्या हातात आहे याने फरक पडतो, हे २०१८ च्या वेस्ट आफ्रिका लीक्सने दाखवून दिलं. ज्या फुटींवर जगभर बातम्या होऊन गेल्या होत्या, तेच कागद ११ देशांतल्या १३ पत्रकारांनी आयसीआयजे आणि वागादुगूच्या सेनोझो या शोधपत्रकारांच्या संस्थेबरोबर पुन्हा चाळले आणि नव्या बातम्या काढल्या. वॉशिंग्टनमध्ये, आयसीआयजेच्या कार्यालयात, बसलेल्या माणसाला जे नाव काहीच सांगत नाही, ते नियामे किंवा लोमेच्या वार्ताहराला ताबडतोब ओळखू येतं: हा तर बांधकाम खात्याचा ठेकेदार, ही तर मंत्र्याची पहिली बायको. सेनोझो ज्यांच्या नावाने चालते ते नॉर्बर्ट झोंगो यांना १३ डिसेंबर १९९८ रोजी बुर्किना फासोमध्ये मारण्यात आलं; ते राष्ट्राध्यक्षांच्या भावाच्या ड्रायव्हरच्या मृत्यूचा तपास करत होते. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला वॉशिंग्टनची परवानगी न मागता, नाव न नोंदवता हा डेटा पाहता येतो, ही या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू आम्ही धरतो.

सुधारणा हव्यात त्या नेमक्या सांगता येतात. नावाची दोन-तीन रूपं एकदम शोधायची सोय मुख्य पानावर नाही. ती असती तर फ्रेंच आणि अरबी वळणाच्या नावांचं निम्मं काम वाचलं असतं. आलेखात चाळीस-पन्नास ठिपके झाले की तो वाचता येत नाही आणि फोनवर तर निरुपयोगी होतो. जन्मतारखेचा महिना-वर्ष एवढा तपशील दिला तरी नामसाधर्म्याचा मोठा प्रश्न सुटेल, पण खासगीपणाच्या कारणाने तो दिला जात नाही आणि ती अडचण खरी आहे. मॉरिशस आणि लुआंडाच्या फुटींतला निदान कंपन्यांचा सांगाडा इथे यावा, ही मागणी मात्र मागे घेण्यासारखी नाही, कारण आफ्रिकेतला पैसा आज पनामापेक्षा मॉरिशस आणि दुबईतून जास्त दिसतो.

छापण्याआधी प्रत्येक नावासाठी वेगळी फाइल ठेवा: डेटाबेसच्या नोंदीचा क्रमांक, पानाची जतन केलेली प्रत आणि तारीख, हाच तो माणूस हे ठरवणारे किमान दोन स्वतंत्र पुरावे (जन्मवर्ष, सही, पत्ता, नातेवाइकाचं नाव यांपैकी), आणि देशातल्या कायद्याप्रमाणे ही कंपनी जाहीर करणं त्याच्यावर बंधनकारक होतं का याचं उत्तर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर बहुतेक वेळा बातमी नाही. मग त्या माणसाला लेखी प्रश्न पाठवा, कंपनीचं नाव, ठिकाण आणि तारीख लिहून, उत्तराला पुरेसे दिवस देऊन. प्रश्न मोघम असले तर वकिलाचं मोघम उत्तर येतं. 'अमुक तारखेला अमुक कंपनीचे किती शेअर आपल्याकडे होते' असं विचारलं तर नकारसुद्धा नोंदवण्यासारखा मिळतो.